नत्थूजी गप्प बसतात

सिनेमातल्या बैलाची बाजू घेऊन भांडणारा आमच्या फिल्म क्लबात एकच सभासद आहे, नत्थूजी. एका गंभीर सिनेमात नायक बांधावर कोसळून मरतो आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्या उघड्या तळव्यावर रेंगाळतो. सगळे श्वास रोखून बसलेले. तेवढ्यात मागून आवाज आला, "माणूस गेला, समजलं! पण बैलाचं जू काहून नाही सोडून राहिले? उन्हात उभा आहे ना बिचारा!"

मी क्लबचा सचिव, त्यामुळे 'श्श' करण्याचं काम माझ्याकडे. त्यावर नत्थूजींचं उत्तर ठरलेलं: "मी नाही बोलून राहिलो, सर. चूक बोलून राहिली."

नत्थूजी मूळचे कुहीकडचे, धानाचे शेतकरी. आता नागपुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. आमचे कलात्मक सिनेमे बहुतेक खेड्यातले, त्यामुळे त्यांना चुकांचा तोटा नाही. अंधारात पेन्सिलीने जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर एकेक टिपून घेतात. चर्चेत कोणी 'मौनाचा अवकाश' म्हणालं, की हे विचारणार, "ते ठीक आहे, पण भर दुपारी गाय कोण दोहते?"

आमच्या अध्यक्षबाई धंतोलीत दातांच्या डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून थकतात, संध्याकाळी त्यांना बंद तोंडं हवी असतात. शेवटी त्या चिडल्याच. "आता एक शब्द बोलले तर सभासदत्व रद्द," म्हणाल्या. निरोप पोचवायला अर्थात मी.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा खिडकीपाशी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बसल्या होत्या आणि नत्थूजी त्यांना पत्रिकेवरच्या चुका वाचून दाखवत होते. काकू ऐकत होत्या, बोलत काहीच नव्हत्या. दुपारच्या गायीवर त्यांच्या ओठाचा कोपरा तेवढा हलला.

निरोप ऐकून नत्थूजी मला दाराबाहेर घेऊन आले. "बुढीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणते, चिखलात उतराचं नाही. शेत पुतण्याले वाहाले देलं, इथं आलो. तवापासून बोलणंच सोडलं तिनं. टीव्ही लावला, देवळात नेलं, काही नाही. या चुका ऐकल्या की मात्र जराशी हासते. क्लब बंद झाला तर मी घरी काय नेऊ, सर?"

 

"एक करा," तेच म्हणाले. "या खेपेले तिलेच आणतो. मी तोंडात सुपारी धरून बसतो."

त्या रविवारी एक जुना, नावाजलेला कृष्णधवल सिनेमा होता. नत्थूजी काकूंना घेऊन वेळेआधीच हजर, एका गालात सुपारी. अर्धा सिनेमा सुखरूप पार पडला आणि नेमकी भातलावणी आली. नायिका गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत पुढे पुढे चालली होती. मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, पण नत्थूजींच्या मानेच्या शिरा फुगल्या, म्हणजे काहीतरी भयंकर चाललं असणार. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सुपारी कडकन फुटली.

"अवं बाई, मागं सरक ना वं! लावलेलं तुडवून राहिली!"

आवाज काकूंचा होता.

माना वळल्या. डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या. नत्थूजी घाईघाईने म्हणाले, "मी नाही बोललो, सर!" आणि मग बायकोकडे बघतच राहिले. डोळ्यांत पाणी.

मी सिनेमा थांबवला आणि दिवे लावले. सचिवपदाच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच मी कोणाला 'श्श' केलं नाही. "काकू, नेमकं काय चुकलं?" विचारलं.

काकू खुर्चीला धरून उठल्या. दोन रांगांच्या मधे, हवेत रोपं खोचत, एकेक पाऊल मागे सरकायला लागल्या. "असं. मागं सरकलं की लावलेलं डोळ्यासमोर राहते. शिकवलं नाही का तिले कोणी?"

मागे डॉक्टरबाईंची खुर्ची होती. बाईंनी ती मुकाट्याने बाजूला ओढली आणि काकूंना वाट करून दिली. काकू बोलतच होत्या: चिखल किती हवा, रोप किती खोल, पहिल्या दिवशी कंबर कशी धरते.

नत्थूजी माझ्या कानाशी वाकले. "आता मी बसतो गप्प, सर," म्हणाले. "म्हणाल तितके दिवस."