सासूबाईंनी काढलेली एसएसडीची दृष्ट

माझी बायको नश्वा घरबसल्या लोकांच्या लग्नाच्या फिल्म जोडून देते. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "लुत्फी, कॉम्प्युटर आज जरा रेंगाळतोय." दुसरा नवरा असता तर नुसतं "हं" म्हणाला असता. पण मी पडलो इंजिनिअर (रस्त्यांचा. आमच्या टांटा गावात एवढा फरक कुणी करत नाही). मनात आलं, आतली एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी ती बोटभर पट्टी, थकली तर नसेल? मोजून तर बघू.

वेग मोजायचा प्रोग्रॅम चालवला. आकडा बरा होता. खात्रीसाठी पुन्हा चालवला, तर घसरला. पुन्हा, तर आणखी घसरला! पट्टी माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी होत होती. खरं सांगतो, वाईट वाटायच्या ऐवजी मला भलतीच मजा वाटायला लागली. कुठवर घसरते बघू, म्हणून मी मोजतच राहिलो.

"अरे, वेग मोजू नकोस, वेग दे!" नश्वा कडाडली. "नवरी संध्याकाळच्या विमानाने कुवेतला चाललीय. फिल्म मिळाली नाही तर तिची आई मला गावभर बदनाम करेल. मग कोण देईल मला काम?"

मुलुखियाची पालेभाजी चिरता चिरता सासूबाई बाहेर आल्या. "जावईबापू, ही पट्टी नवी होती तेव्हा तिचं कौतुक खालच्या मजल्यावरच्या वजदीपाशी कुणी केलं?"

"मी."

"तो माशाल्ला म्हणाला?"

"नाही. 'बापरे!' म्हणाला."

"मग लागली दृष्ट."

"अहो, यंत्राला कुठे दृष्ट लागते?"

"मग मोटारीच्या आरशाला निळा मणी कशाला टांगलाय?"

(मणी मीच टांगला होता.)

सासूबाईंनी धूपदान पेटवलं. मला खुर्चीवरून उठवलं, धुळीच्या भीतीने मी कायम बंद ठेवतो ते कॉम्प्युटरचं कपाट सताड उघडलं, धूर जायला बाल्कनीचं दारही उघडलं आणि पुटपुटत चांगला वेळ धूप फिरवला. "आता मोजा."

मोजलं. आकडा टुणकन वर!

मी चक्रावलो. मग झाकण काढून पट्टीला हात लावून पाहिला, तर ती गार! मी एकदम ओरडलो, "कळलं! ही तापली होती! बंद कपाटात मी सारख्या चाचण्या घेतल्या. तापली की ही आपणहून हळू चालते. आता वारा लागला, विसावा मिळाला, झाली ताजीतवानी. पट्टी ठणठणीत आहे!"

नश्वाने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे सकाळपासून तिच्याकडे टक लावून बसलेला तूच. दृष्ट वजदीची नव्हती, तुझी होती."

फिल्म वेळेवर पोचली. नवरीच्या आईने बसबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, ताट पाठवलं, सासूबाईंच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी वजदी लॅपटॉप घेऊन दारात हजर. "फार हळू चालतोय हो."

"या, या," मी हात पुढे केला. "बघतो मी."

त्याने लॅपटॉप छातीशी घट्ट धरला. "नको, तुमच्या सासूबाईंना, हाज्जांना बोलवा. आणि रागावू नका, पण तेवढा वेळ तुम्ही जरा जिन्यात थांबाल का?"