जिच्या मापाची गाडी तिच्या हाती

"अगं, दोन मिनिटं या खुर्चीत बस. माप घेतो," एवढंच तो बायकोला म्हणाला. पुढचं सगळं या वाक्यातून झालं.

तो गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. लोकांच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचे केस विरळ झाले होते, पण एकदा तरी स्वतः शर्यतीत उतरायचं हे वेड काही जात नव्हतं. घरी बनवलेल्या एका सीटच्या गाड्यांची शर्यत जाहीर झाली आणि त्याने घराची मागची पडवी ताब्यात घेतली. भंगारातले पाइप, अपघातातल्या मोटरसायकलचं इंजिन आणि आईची प्लॅस्टिकची खुर्ची. (खुर्चीचे पाय कापल्यावर आईला विचारलं. आधी विचारलं असतं तर सीट मिळाली नसती.)

आता खुर्चीत बसून पायापर्यंतचं अंतर स्वतःच मोजणं कोणाला जमतं? म्हणून बायको बसली. मग पेडल लावताना बसली, स्टीअरिंग लावताना बसली. डोक्यावरचा पाइप वेल्ड करायचा होता, तेव्हा तर मटार सोलत बसली. इंजिन सुरू झालं, तेव्हाही तीच आत. कारण ह्याला मागे कान लावून आवाज ऐकायचा होता.

"दाब! सोड! आता हळू!"

"अहो, तुम्ही एकदा बसून बघा ना."

"छे! मी बसणार ते थेट शर्यतीच्या रेषेवर."

नवा शर्ट जपून ठेवावा तसा त्याने तो मान राखून ठेवला होता.

शर्यतीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून गाडी मैदानावर ढकलत नेली. लाल रंग, समोर पत्र्याचं टोकदार नाक. लोक वळून वळून बघत होते. ह्याची छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं. त्याने हेल्मेट चढवलं, आईच्या पाया पडला आणि ऐटीत गाडीत पाय टाकला.

पाय गेला. दुसराही गेला. बाकीचा तो मात्र बाहेरच राहिला.

जोर लावल्यावर गुडघे स्टीअरिंगखाली अडकले, हेल्मेट वरच्या पाइपवर आपटलं आणि एक पाय नको तिथे जाऊन हॉर्न वाजू लागला. तिघांनी खेचून त्याला बाहेर काढलं. बूट आतच राहिला.

"शर्यतीत उतरताय की माघार घेताय?" पंचांनी विचारलं.

इतक्या महिन्यांची गाडी, आणि ती नुसती उभी राहणार? त्याने गाडीकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती बेकरीची व्हॅन चालवायची. पाव गार व्हायच्या आत दुकानोदुकानी पोचवायची.

"चालक बदलला तर चालेल का?" त्याने खालमानेने विचारलं.

"लायसन्स असेल तर चालेल."

बायकोने त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं. "बूट काढा आधी. ब्रेकखाली येईल."

ती अशी अलगद आत बसली, जणू गाडी तिच्या अंगावर शिवली होती. आणि निघाली! पहिल्याच वळणावर तिने दोघांना मागे टाकलं. हा कुंपणाबाहेरून एका पायात बूट घालून धावत होता, "दाब! सोड!" असं ओरडत होता. ती ऐकत नव्हती, म्हणूनच दुसरी आली.

माइकवाल्याने तिला विचारलं, "सराव कुठे केलात?"

"सराव कसला? ह्यांनी चार महिने उठूच दिलं नाही."

मैदान हसलं. पण ह्याला त्याचं काही नव्हतं. जो भेटेल त्याला तो पकडून सांगत होता, "ते वेल्डिंग माझं. ती बायकोही माझीच."

घरी येताच त्याने जाहीर केलं, "पुढची गाडी माझ्या मापाची!"

"बनवा की," बायको म्हणाली. "पण मापाला दुसरं कोणीतरी बसवा. मला आता खरंच सराव करायचाय."

त्याने आशेने आईकडे पाहिलं. आई उठली, पडवीत जाऊन एका जुन्या खुर्चीत बसली आणि पाय लांब करून म्हणाली,

"माझे गुडघे दुखतात रे. ब्रेक जरा जवळ घे."