गाडी गळत नसल्याचा अहवाल

दादासाहेबांनी केदारला कार्यालयात बोलावून घेतले, तेव्हा मुलाखतीला बारा दिवस उरले होते.

भोकरदनजवळच्या त्या महाविद्यालयात केदार अकरा वर्षे भौतिकशास्त्र शिकवत होता, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर उन्हाळ्यात त्याची नोकरी मरे आणि दर जूनमध्ये, संस्थेच्या अध्यक्षांची मर्जी असल्यास, पुन्हा जन्म घेई. अकरा वर्षांत प्रथमच विभागाला एक कायम पद मंजूर झाले होते. त्यामुळे अध्यक्ष, म्हणजेच दादासाहेब, त्या पदाविषयी काही बोलणार या आशेने तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"तुम्ही डॉक्टर ना?" दादासाहेबांनी विचारले.

"भौतिकशास्त्राचा, दादासाहेब. ताऱ्यांच्या तापमानावर प्रबंध आहे माझा."

"मंग बराबर. आपली गाडीबी तापून राह्यलीय."

गाडी पंधरा वर्षांची, पांढरी, उंच आणि सात आसनी होती. दादासाहेब आपली पहिली निवडणूक तिच्यात फिरून जिंकले होते. तेव्हापासून ती विकणे तर सोडाच, तिच्याविषयी वावगा शब्द काढणे हेसुद्धा संस्थेत राजीनामा देण्यासारखेच मानले जाई. ही मर्यादा गॅरेजवाल्या मच्छिंद्रने ओलांडली होती. "हेड गॅसकिट गेलंय," तो म्हणाला होता. "तेल खाली टपकतंय ते दिसतंय, पर कूलंट, म्हंजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आतल्या आत जळून राह्यलंय. सकाळी चालू करताना पांढरा धूर बघा. इंजिन खोलावं लागंल."

"माझ्या गाडीचं इंजिन खोलणारा हा कोण?" दादासाहेब केदारला म्हणाले. "तुम्ही शास्त्रीय पद्धतीनं बघा. काय गळतंय, कुठून गळतंय, लिहून द्या. मुलाखतीला जालन्याहून तज्ज्ञ आणायचेत, ते ह्याच गाडीत."

केदार पद्धतीचा माणूस होता. अन्य काही होण्याची संधी त्याला कोणी दिली नव्हती. त्याने त्याच संध्याकाळी गाडीखाली कोऱ्या उत्तरपुरवण्या अंथरल्या. डाग हिरवा पडला तर कूलंट, तपकिरी पडला तर तेल, आणि डागाच्या जागेवरून गळतीची जागा. सकाळी तो आला तेव्हा पुरवण्या नव्हत्या. ओल्या जमिनीवर शेणाच्या सड्याचा वास होता आणि चारही चाकांभोवती रांगोळीच्या वेली वळल्या होत्या.

"उषामावशी, इथले कागद कुठं गेले?"

"कचरा व्हता सर! दादासायबाच्या गाडीखाली कागदं, बरं दिसतं का?" उषाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "उचलली, जाळली, सडा टाकला. रांगोळी कशी झाली सांगा."

"मावशी, त्या कागदांवरचे डाग मला हवे होते."

"डागाचे कागद कशाला वापरता? कोरे मागा की हापिसात."

दुसऱ्या खेपेला त्याने 'कोणीही हात लावू नये' अशी पाटी लावली आणि पुरवण्या वाचल्या. तपकिरी डाग इंजिनाच्या उजव्या अंगाला पडले होते. हिरवा डाग मात्र एकही नव्हता. तेवढ्याने समाधान मानणे त्याच्या शिस्तीत बसत नव्हते. त्याने कूलंटच्या पारदर्शक टाकीवर, पातळी होती नेमक्या तिथे, काळ्या शाईने एक रेघ ओढली आणि रोज सकाळी आठ वाजता बॉनेट उघडून नोंद घेण्यास आरंभ केला.

सहा दिवस गाडी जाफराबादला गेली, जांब समर्थला गेली, दादासाहेबांच्या साऱ्या आप्तेष्टांच्या लग्नांना गेली. सहाही सकाळी पातळी रेघेवर होती. इतका नेमका निकाल त्याला प्रबंधाच्या पाच वर्षांतही मिळाला नव्हता. शंका खरे तर तिथेच यायला हवी होती. पण कायम पदाची जाहिरात समोर असली की निर्दोष निकालावर शंका घेण्याचे धैर्य विद्वानांच्या अंगी राहत नाही.

त्याने चार पानी अहवाल लिहिला. आलेख जोडला, जो एक सरळ आडवी रेषा होता. निष्कर्ष असा की, तेल इंजिनावरच्या टॅपेट कव्हरच्या रबरातून झिरपते, तो किरकोळ दोष आहे. कूलंटची गळती अस्तित्वात नाही. गॅरेजचालकाचे म्हणणे निराधार आहे. कार्यकारिणीने शनिवारी तो एकमताने मंजूर केला आणि त्याच ठरावाने मच्छिंद्रचे काम काढून घेतले.

मच्छिंद्र आवारात राहिलेली आपली अवजारे न्यायला आला. "सर, तुमचा आलेख बराबरच आसंल," तो शांतपणे म्हणाला. "गाडीला वाचता येतो का तेवढं इचारा."

रविवारी पहाटे केदार मुलाखतीच्या तयारीसाठी ग्रंथालयात निघाला, तर आवारात गाडीचे बॉनेट उघडे. ड्रायव्हर कारभारीमामा टाकीत कॅन रिकामा करत होते.

"मामा, काय करताय?"

"पाणी भरून राह्यलो. रोजचंच हाय."

"रोज?"

"दीड-दोन लिटर लागतंच की. आधी आपलं अंदाजानं भरायचो. आता तुम्ही रेघ मारली, मंग रेघेपोतर भरतो." मामांनी वाकून एका डोळ्याने पातळी पाहिली. "केसभर वर न्हाई का खाली न्हाई. हाय का तक्रार?"

केदारने टाकीवरच्या रेघेवर बोट ठेवले. "अहो, ती रेघ भरायला नव्हती! पातळी उतरते का, ते बघायला होती!"

"तसं सांगायचं न्हाई का मंग? हितं सायबानं रेघ मारली का आपण तिथवर काम करायचं. का मारली, हे आजवर कुणी इचारलंय?"

केदार तडक दादासाहेबांच्या बंगल्यावर गेला. मच्छिंद्रचे खरे आहे, रोज दोन लिटर पाणी इंजिनात जळते, उद्या गाडी पाठवू नका, असे त्याने एका दमात सांगितले.

"अहवाल मंजूर झाला, सर," दादासाहेब चहा बशीत ओतत म्हणाले.

"पण तो चुकला आहे."

"ठरावाला सूचक हाय, अनुमोदक हाय. मंग चुकंल कसा?" त्यांनी फोन उचलला. "कारभारी, तू गाडीत पाणी भरतो म्हणं रोज? बंद कर. बिलकुल भरायचं न्हाई. गाडी गळत न्हाई असा ठराव झालाय, अन् तू पाणी ओतून संस्थेचं हसं करून राह्यला?" फोन ठेवून ते केदारकडे वळले. "उद्या मुलाखत कुणाची हाय?"

"माझी."

"मंग घरी जाऊन अभ्यास करा."

केदार घरी गेला. एका ओळीत सांगता येण्याजोगे सत्य त्याच्यापाशी होते आणि ते ऐकून घेणारा एकही अधिकारी त्या तालुक्यात नव्हता. म्हणून त्याने अभ्यास केला.

सोमवारी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीच्या खोलीबाहेर बसला. अकरा वाजता फोन आला. जालन्याहून तज्ज्ञांना घेऊन निघालेली गाडी राजूरच्या अलीकडे वाफेच्या ढगात उभी होती आणि इंजिन पुन्हा चालू व्हायला नकार देत होते. दोन्ही तज्ज्ञांनी तासभर बाभळीखाली उभे राहून संस्थेविषयी आपले मत बनवले, मग एक काळीपिवळी जीप थांबवून ते उलट दिशेने जालन्याला गेले. तज्ज्ञांवाचून मुलाखत होत नाही. जाहिरातीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. एकही प्रश्न विचारला न जाता केदारचे कायम पद शासनाकडे परत गेले.

दुपारी दादासाहेबांनी त्याला पुन्हा बोलावले. चेहऱ्यावर राग नव्हता, केवळ प्रशासन होते.

"अहवाल खोटा म्हणावा, तर कार्यकारिणी खोटी ठरती. तसं करता येत न्हाई. चूक माणसाची दाखवा. प्रवासाआधी ड्रायव्हरनं पाणी बघितलं न्हाई, असा दुसरा अहवाल लिहा. खाली त्याची कबुली घ्या." त्यांनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "जूनमधी तुमच्या तासिकांचं बघायचंच हाय."

ओढून आणलेली गाडी आवारात उभी होती. कारभारीमामा पायरीवर तंबाखू मळत बसले होते. केदार त्यांच्या शेजारी बसला आणि, वर्गात कधी न अडखळणारा माणूस, चारदा अडखळून त्याने दादासाहेबांनी काय लिहायला सांगितले आहे ते सांगितले.

"एवढंच ना?" मामा हसले. "लिहा की."

"मामा, पाणी भरू नको असं त्यांनीच तुम्हाला सांगितलं. तुमच्या नोकरीचं काय होईल?"

"माझ्या नोकरीला काय धाड भरलीय? सातवी नापास हाय, पर कायम हाय मी. सत्तावीस वर्षं झाली. एक मेमो देतील, एक खुलासा मागतील, फाइलीत लावतील. आजवर सात मेमो खाल्ले." त्यांनी तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली. "तुमचं तसं न्हाई सर. तुम्हाला जूनमधी नुसतं बोलावलं न्हाई, तरी तुम्ही संपले. आणा तो कागद."

त्यांनी कोऱ्या कागदाच्या अगदी तळाशी, जोर देऊन, सही केली आणि कागद परत दिला. "वरचं तुम्ही भरा. शिकल्यासवरल्यावाणी लिहा, सायबाला पटलं पाह्यजे."

केदारने कागद मांडीवरच्या वहीवर घेतला. 'वाहनचालकाच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे' इथवर आल्यावर त्याचा हात थांबला. कारभारीमामा खांद्यावरून वाकून पाहत होते.

"थांबू नका सर," ते मनापासून म्हणाले. "लई सुरेख अक्षर हाय तुमचं."