गव्हाणीत तिळं!

यंदाचा नाताळ मी असा करणार होतो, की मुलांनी जन्मभर आठवण काढावी! तसंच झालंय म्हणा. मुलं रोज आठवण काढतात आणि पोट धरधरून हसतात.

मी एका गोदामात स्टोअरकीपर आहे. अठरा वर्षांत माझ्या हातून एक स्क्रू हरवलेला नाही! वस्तू आत आली की तिला चिठ्ठी, कप्पा आणि वहीत नोंद. म्हणून बायकोला ठणकावून सांगितलं, "यंदा भेटवस्तूंचं खूळ बंद. मुलांना नाताळचा खरा अर्थ समजला पाहिजे. ते सगळं माझ्याकडे लागलं!"

"बरं," ती म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिचं 'बरं' मी ओळखतो. त्यात विश्वासाचा कणही नव्हता.

सासूबाईंनी आपल्या आईचे मातीचे पुतळे यंदा पहिल्यांदाच नातवंडांसाठी पाठवले होते. मरिया, योसेफ, दोन मेंढपाळ, एक शिंग मोडलेली गाय आणि अंगठ्याएवढा बाळ येशू. बरोबर निरोप होता, "नाताळच्या सकाळी मी येते. बाळाला मुलांनी माझ्यासमोर गव्हाणीत ठेवायचं. तोवर गव्हाणी रिकामी. आणि बाळाला जपा, माझ्या आईची तेवढीच खूण उरलीय."

मी गोदामातून खोकं आणून गोठा केला. छपरावर 'नाजूक माल' आणि 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं, ते राहू दिलं. गव्हाणीत पॅकिंगचं गवत दाबून भरलं आणि मुलांना समोर बसवलं. थोरली सहा वर्षांची, धाकटा चार.

"मरिया आणि योसेफ दमून उतारशाळेत गेले, रात्रीपुरती जागा मागायला. पण मालक म्हणाला, जागा नाही!"

"मरियाच्या पोटात बाळ आहे ते दिसलं नाही त्याला?" धाकटा.

"कामात होता ना. मान वर करून बघितलंच नाही त्यानं."

"किती वाईट माणूस!" थोरली.

"फारच वाईट!" मी ठासून सांगितलं.

सासूबाईंसमोर हीच गोष्ट मुलं करून दाखवणार होती. त्यात बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेला ज्ञानी राजा मी! पडद्याचा झगा, पुठ्ठ्याचा मुकुट, सगळं तयार. बाळाला रुमालात गुंडाळून ठेवलं आणि वहीत लिहिलं, 'बाळ येशू, नग एक, हत्यारांची पेटी, खालचा कप्पा.'

दोन दिवस आधी कप्पा उघडला. रुमाल होता. बाळ नव्हतं!

वहीत आहे आणि कप्प्यात नाही, हे अठरा वर्षांत पहिल्यांदाच! बायकोला सांगावं तर ती आईला सांगणार. मुलांना विचारावं तर त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी खोलीचं दार लोटून एकेक खण जमिनीवर उपडा करायला लागलो.

तेवढ्यात दारात थोरली आली, मूठ घट्ट मिटलेली. मागे धाकटा.

"बाबा, इथे जागा आहे का?"

"दिसत नाही का? पाय ठेवायला जागा नाही! जा बाहेर!"

गेली बिचारी. मी पुन्हा पलंगाखाली शिरलो.

शेवटी मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावजी, घाबरू नका. मी बघतो." हा माणूस 'बघतो' म्हणाला की मला धडकीच भरते. म्हणून मी आपली सोय केली. बुद्धिबळातलं एक पांढरं प्यादं घेतलं, त्याला रुमालाची चिंधी गुंडाळली आणि नाताळच्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गवतात खोल पुरून ठेवलं.

नऊ वाजता सासूबाई आल्या, बरोबर मेव्हणा. तो आल्याआल्या गोठ्यावर वाकून गवत सारखं करायला लागला. सगळे गोठ्याभोवती जमलो. मुलंच कुठे दिसेनात!

"बाळ कुठाय, जावईबापू?"

"ते... आधीच गव्हाणीत ठेवलंय," मी म्हणालो.

"हो हो, ठेवलंय!" बायको आणि मेव्हणा एकदम म्हणाले.

मी बायकोकडे बघितलं, बायको भावाकडे, भाऊ छताकडे. सासूबाईंनी गवत बाजूला केलं. माझं प्यादं निघालं. त्याच्या शेजारी अंघोळीच्या साबणाचं कोरलेलं बाळ. आणि कडेला रबरी बाहुला, हात लागताच तो जोरात शीळ घालून ओरडला!

"अहो, मला वाटलं पेटी झाडताना माझ्याच हातून हरवलं, म्हणून साबणाचं कोरलं!" बायको पुटपुटली. "गव्हाणीत तिळं!" सासूबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "आईचं बाळ कुठाय?"

माझी मलाच लाज वाटली हो!

तेवढ्यात दार उघडलं. मुलं आत आली आणि त्यांच्यामागे खालच्या दुकानातले रेडिओ दुरुस्त करणारे काका, हातात एका जुन्या रेडिओचं रिकामं खोकं घेऊन. आत कापूस, कापसावर एक इवलासा बल्ब लावलेला, आणि त्याच्या उबेत सासूबाईंच्या आईचं बाळ!

"पेटीत अंधार होता, ते रडत असेल म्हणून मी काढलं," धाकटा म्हणाला.

"आम्ही घरभर जागा मागितली," थोरली सांगायला लागली. "बाबा म्हणाला, जा बाहेर. आई म्हणाली, ओट्यावर पसारा आहे, नंतर. मग काकांना विचारलं."

काकांच्या दुकानात पंखे, मिक्सर, इस्त्र्यांचा असा ढीग असतो, की गिऱ्हाईक फुटपाथवरच उभं राहतं. काका संकोचून म्हणाले, "थोडं सरकवलं सामान. एवढंसं तर बाळ ते."

सासूबाईंनी बाळाला ओंजळीत घेतलं, मग मुलांच्या हाती दिलं. मुलांनी ते गव्हाणीत ठेवलं आणि हात जोडले. आम्हीही जोडले.

मग नाटक सुरू झालं. धाकट्यानं माझा मुकुट उचलला आणि काकांच्या डोक्यावर ठेवला.

"अरे, मग मी कोण?" मी विचारलं.

"तू उतारशाळेचा मालक," थोरली म्हणाली. "तुला पाठ करायला नको, बाबा. तुला येतंच."