शालिकभाऊ आणि तलावाचा काठ

पंगतीत शालिकभाऊंच्या शेजारी बसू नये. पत्रावळीवर वरण पडलं की माणसं भात कालवतात. शालिकभाऊ वरण कुठे निघालं ते बघत बसतात. "पाहा, भिंतीकडे पळून राह्यलं. दोन सूत ढाळ उलटा हाय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एकदा त्यांनी वधूपित्यालाच हाक मारून हे दाखवलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "भाऊ, हॉल भाड्याचा हाय."

शालिकभाऊ मूळचे नागभीडकडचे, धान पिकवणारे. पोटासाठी चंद्रपुरात येऊन गवंडी झाले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी इथल्या एका कॉलनीत नवा इंजिनियर होतो. सांगलीहून आलेला, अजून कायम न झालेला, आणि शहाणपण मात्र उतू जाणारं.

कॉलनीतल्या क्लबाचा पोहण्याचा तलाव त्या उन्हाळ्यात नव्याने करून घेतला. आत निळ्या फरश्या झकास बसल्या, पण काठाच्या काँक्रीटचा पार विचका झाला. एक चौकोन खचलेला, तर दुसऱ्याची कड बोटभर वर. कंत्राटदार केव्हाच पसार झाला होता. क्लबाच्या सेक्रेटरींच्या पायाच्या अंगठ्याचं नख त्या कडेवर गेलं आणि आमच्या साहेबांनी मला बोलावलं, कारण देखरेख माझी होती.

"आठ दिवसांनी उद्घाटन आहे. मोठ्या साहेबांचा पाय तिथे अडखळला, तर तुमचं कायम होणं विसरा."

मी शालिकभाऊंना बोलावलं आणि लेव्हल मोजायची दुर्बीण तिपाईवर चढवून वहीत आकडे भरू लागलो.

"साहेब, तिच्यावर छत्री धरा," शालिकभाऊ म्हणाले. "उन्हानं चक्कर येईन तिले."

दुसऱ्या सकाळी क्लबात शिरलो तो जागीच थांबलो. पाणी जायची भोकं चिंध्यांनी बुजवून शालिकभाऊंनी काठाच्या दोन्ही कडांना चिखलाचे धुरे, म्हणजे शेताला घालतात तसे बांध, घातले होते आणि मधे पाणी सोडलं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी लंगडत आले.

"हा पोहण्याचा तलाव आहे की धानाची बांधी?"

"बांधीच हाय," शालिकभाऊ खूश होऊन म्हणाले. "आमच्याकडे पाणी सोडूनच बांधीची सपाटी पाह्यते. उंच जागा कोरडी राह्यते, खोल जागी पाणी थांबते. पाण्याले वशिला चालत नाई."

"मग रोवणी कधी?"

"तुमी हो म्हना, उद्या बाया आणतो."

पाणी आटत गेलं तसे ते डबक्यांच्या कडा गेरूने आखत गेले. एका जागी माझा आकडा जुळेना, म्हणून मी हटून बसलो. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी त्यांच्या बाजूने गेलं. मी गुपचूप आकडा खोडला.

पुढचे तीन दिवस वर आलेल्या कडा घासल्या गेल्या. खचलेले चौकोन छिन्नीने टोचून, धुऊन, वर नवा माल पडला आणि ढाळ बाहेरच्या बाजूला मिळाला. शालिकभाऊंची बायको गिरजाबाई डोक्यावरून घमेली वाहत असत. त्या बोलत नसत. शालिकभाऊ दोघांचंही बोलत. शेवटी सगळ्या काठावर ओलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं आणि साहेबांच्या क्लबाला खळ्याचा वास येऊ लागला.

तणस काढून काठ धुतल्यावर सेक्रेटरींनी फर्मान काढलं, की आता मजुरांनी आत यायचं नाही, पहिलं पाऊल मोठ्या साहेबांचं. राखणीला मला फाटकावर उभं केलं.

उद्घाटनाच्या दिवशी भल्या सकाळी शालिकभाऊ आले. धुतलेलं धोतर, आणि मागे ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या गिरजाबाई.

"साहेब, हिले एकदा चालू द्या," ते चाचरत म्हणाले. "तीस वर्सं हिनं माल वाह्यला. काम झालं का मालक दार लावते. आपल्या हातच्या फरशीवर ही कधी चालली नाई."

माझी नोकरी डोळ्यांसमोर उभी राहिली. मग माझी मलाच लाज वाटली. मी फाटक उघडलं.

गिरजाबाईंनी चपला बाहेर काढल्या. भेगाळल्या टाचांनी त्या सावकाश चालू लागल्या. शालिकभाऊ दोन पावलं मागे, निकाल ऐकायला आल्यासारखे. पुरी फेरी मारून त्या काठावर बसल्या, माझ्याकडे बघून हळूच पाय पाण्यात सोडले आणि खुदकन हसल्या.

"झालं ना बरोबर?" शालिकभाऊंनी विचारलं. साहेबाचीही पत्रास न ठेवणारा माणूस बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

"झालं. पण आपल्या घरी कवा? तिथं अजून मातीच हाय."

जगाच्या फरश्यांत खोट काढणारा माणूस मान खाली घालून बसला.

उद्घाटन थाटात झालं. मोठे साहेब काठावरून दोन फेऱ्या चालले आणि अडखळले ते फक्त भाषणात.

महिन्याभराने मी कायम झालो. पेढे घेऊन कॉलनीमागच्या वस्तीत शालिकभाऊंचं घर गाठलं. आतून थापीचा आवाज येत होता. दारात उभ्या गिरजाबाई आतल्या माणसाला बोटाने चुका दाखवत होत्या, आणि तो माणूस गुडघ्यांवर बसून निमूट ऐकत होता.

मी चपला काढून आत पाऊल टाकणार, तोच गिरजाबाईंनी हात आडवा केला.

"साहेब, तिथंच थांबा," त्या म्हणाल्या. "ओलं हाय."