लिमये काकांचं सुरक्षित वाचन

लिमये काकांनी एकदा मला सकाळी सात वाजता फोन केला, तो एका कादंबरीच्या नायिकेचा गॅस चालू राहिला म्हणून.

“अनघा, पान एकशे बारा. बाईने दूध गॅसवर ठेवलंय आणि नवऱ्याशी भांडायला गॅलरीत गेली आहे. पुढे गॅस बंद केल्याचा उल्लेख तुला कुठे सापडला का?”

“काका, त्यांचा घटस्फोट होतोय तिथे!”

“तो होईल गं. पण दूध?”

हसू नका. मी ती कादंबरी दोन दिवसांत संपवली होती, घटस्फोटावर चांगली रडलेही होते, आणि दुधाकडे माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. मुकाट्याने त्यांच्याकडची प्रत आणून पुन्हा चाळली. काकांचं खरं होतं. एकशे बाराव्या पानापासून शेवटपर्यंत तो गॅस कोणी बंद करत नाही. ऑफिसला निघताना मी आमचा गॅस दोनदा बघून आले, आणि मग स्वतःवरच चिडले.

काका इथे बंगालमध्ये, बजबजच्या एका तेलाच्या डेपोत तीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. काही घडू नये म्हणून ज्याने जन्मभर नोकरी केली, असा माणूस निवृत्त होऊन बालीगंजच्या फ्लॅटमध्ये राहायला आला आणि कादंबऱ्या वाचायला लागला. आता कादंबरीत काही घडलं नाही तर ती चालायची कशी? पण काकांना ते मान्य नाही. दर दुःखद प्रसंगाला त्यांचा एकच शेरा: “टळण्याजोगं होतं!”

आमचा सात-आठ मराठी घरांचा एक वाचनगट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमायचं आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचं. इथे मराठी पुस्तक मिळणं मुश्कील, म्हणून जो पुण्याला जाईल तो बॅगेत चिवडा आणि गोडा मसाला यांच्यामध्ये दोन पुस्तकं कोंबून आणतो. एकच प्रत सगळ्यांत फिरते. पहिल्या पानावर नावांची यादी चिकटवलेली असते. वाचून झालं की आपल्या नावावर काट मारायची आणि पुढच्याच्या हवाली करायचं. नियम दोनच. न वाचता बोलायचं नाही, आणि वाचल्यावर गुळमुळीत बोलायचं नाही. दुसरा नियम मी केलाय. मला खोटं गोड बोलता येत नाही. त्यामुळे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे माझं नाव फटकळच.

काका उभं राहून, खिशातली छोटी डायरी काढून मत देतात. “एकूण धोके अकरा. टळण्याजोगे नऊ.” प्रेमकथा असली तर, “गच्चीला कठडा नाही, आणि हे दोघं चंद्र बघतायत!” एका गिर्यारोहकाच्या आठवणी वाचून तर ते आठवडाभर अस्वस्थ होते. “दोर झिजलाय हे विसाव्या पानावर कळलंय त्याला. विसाव्या! मग वर जायचं कशाला?”

भोसले साहेब बँकेतले, बदल्यांवर देशभर फिरलेले, आणि शोकांतिकेचे भक्त. ते एकदा कातावले. “अहो लिमये, नायक मेलाच नाही तर कादंबरीत राहिलं काय?”

“राहील की,” काका म्हणाले. “तो म्हातारा होईल, त्याला बीपी होईल, नातवंडं त्याचा चष्मा लपवतील. तेही लिहावं कोणीतरी.”

पुस्तकाबाहेरही तेच. पूजेच्या दिवसांत मंडपात शिरलं की लोक देवीकडे बघतात, काका बाहेर जायचा रस्ता कुठे आहे ते बघतात. आमच्या पाड्यातल्या, म्हणजे गल्लीतल्या, बंगाली बायका धुनुची, म्हणजे पेटत्या धुपाची मातीची भांडी, हातात घेऊन नाचतात, तेव्हा त्यांच्यामागे वाळूची बादली घेऊन एक गृहस्थ तालात पुढेमागे सरकत असतो. तेच आमचे काका. पहिल्या वर्षी बायका बिचकल्या. आता बादली दिसली नाही तर ढाकवाला ढोल थांबवून विचारतो, “लिमये-दा कोथाय?”, कुठे आहेत म्हणून.

काकांच्या पत्नी सुमनकाकू आमच्यातल्या सगळ्यात जाणत्या वाचक. पण काचबिंदूने दोन वर्षांत त्यांची नजर जवळजवळ गेली. तेव्हापासून रोज दुपारी काका त्यांना वाचून दाखवतात. त्यामुळे पुस्तक त्यांच्याकडे गेलं की महिनाभर अडकतं, आणि म्हणून यादीत त्यांचं नाव आम्ही शेवटी घालतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल फौजेत मेजर. दोन वर्षं तो इथेच फोर्ट विल्यमला होता. दर रविवारी घरी जेवायला यायचा, तेव्हा काकूंच्या घरातून श्रीखंडाचा वास जिन्यापर्यंत यायचा. गेल्या वर्षी त्याची सीमेवर बदली झाली. फोन येतो तेव्हा येतो. “निखिल कसा आहे?” विचारलं की काका “ठीक” म्हणतात आणि आमच्या पंख्याचा स्क्रू सैल आहे का ते बघायला लागतात.

आणि नेमकं त्याच वर्षी प्राचीने ते पुस्तक आणलं. प्राची आमच्यातली सगळ्यात लहान, आयटीतली. फौजेतल्या एका मुलाच्या आईने लिहिलेल्या आठवणी होत्या. प्राचीने वाचलं, भोसल्यांनी वाचलं, बाकीच्यांनी वाचलं, मग मी. शेवटच्या पंधरा पानांत मुलगा परत येत नाही. त्याची ट्रंक येते, आणि आई ती उघडून एकेक वस्तू बाहेर काढते. बस, एवढंच. पुस्तक मिटलं आणि ती पंधरा पानं मी लगेच पुन्हा वाचली. मग नावावर काट मारली, यादीत पुढचं नाव लिमये होतं, पुस्तक पिशवीत घातलं आणि नेऊन दिलं. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय! कोणाच्या हातात काय देतेय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात आलं तीन आठवड्यांनी, त्यांच्याच घरी, बैठकीला. मी त्या शेवटावर दोन पानं लिहून आणली होती. आम्ही नऊ जण कसेबसे मावलो होतो. काका चहा करायला आत गेले होते. मी कागद उलगडते न उलगडते तोच काकू म्हणाल्या, “आज आधी मी बोलू? मला बाई शेवट फार आवडला. तो पोरगा रजा काढून येतो, न सांगता, मागच्या दाराने. आणि त्याची आई आधी त्याला बूट काढायला लावते! अगदी खरं लिहिलंय. मीही तेच केलं असतं.”

मी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात काका चहाचा ट्रे घेऊन उभे होते, आणि माझ्याकडे बघून ‘नको’ अशी मान हलवत होते. मला एकदम सगळं समजलं. ती पंधरा पानं त्यांनी काकूंना वाचून दाखवलीच नव्हती. पुस्तक समोर धरून त्यांनी दुसरीच पंधरा पानं मनाने सांगितली होती. आता आमच्यातल्या कोणीही एक वाक्य बोललं असतं, तर त्या माऊलीला तिच्याच घरात ती ट्रंक उघडावी लागली असती.

“पण काकू, तो तर...” प्राचीने तोंड उघडलं.

“तो तर दोन दिवस आधीच यायचा होता!” भोसले साहेब गरजले. नायक मेल्याशिवाय ज्यांचं समाधान होत नाही ते भोसले! “पण गाडी चुकली बिचाऱ्याची. नाही का हो, अनघाताई?”

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. “हो ना. आणि आल्या आल्या आधी जेवायला मागतो. मलाही तोच भाग आवडला, काकू.”

आमच्या गटात मी बोललेलं ते पहिलं खोटं. पण एकदा सुरुवात झाल्यावर काही विचारू नका. त्याला काय वाढलं, तो किती वाजेपर्यंत झोपला, शेजारचे कोण कोण भेटायला आले, असं कुठल्याच पुस्तकात नसलेल्या प्रकरणावर आम्ही वीस मिनिटं हिरिरीने बोललो. प्राचीने तर त्याचं लग्नही ठरवलं. काका ट्रे ठेवून वेताच्या मोड्यावर बसले होते. त्या दिवशी डायरी खिशातच राहिली. ते फक्त एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

सगळे निघायला लागले, काका त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेले. मी कप विसळत होते. काकू भिंतीला हात लावत आत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“बरं सांभाळलंत हो यांना.”

मी नळ बंद केला. “काकू, तुम्हाला...?”

“अगं, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. पंधरा पानं वाचली म्हणतात, आणि पान उलटल्याचा आवाज एकदाही नाही. शिवाय दोनदा यांचा गळा दाटला. मुलगा घरी आल्यावर कोणाचा गळा असा दाटतो का?” त्यांनी माझं मनगट सोडलं. “यांच्याच्याने ते वाचवलं नाही. म्हणून सगळ्यांसमोर म्हटलं, शेवट आवडला. मी फसले असं वाटलं की यांचा जीव जरा खाली पडतो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं हे बरं होतं.

“मंगळवारी हे गडियाहाटला मासळी आणायला जातात. तासभर लागतो, मासेवाल्याच्या सुरीपाशी उभे राहतात ना! तेव्हा येशील? ती पंधरा पानं मला वाचून दाखव. त्या बाईने एवढं लिहिलंय, ते ऐकायला हवं कोणीतरी.”

मी गेले. वाचलं. दोनदा मला थांबावं लागलं. काकू थांबल्या नाहीत, “पुढे” म्हणत राहिल्या. शेवटी पुस्तक मिटलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, थोडा वेळ मांडीवर धरून ठेवलं.

“धीराची आहे गं बाई,” त्या म्हणाल्या. मग खाली लिफ्टचं दार वाजलं तसं त्यांनी पुस्तक चटकन उशीमागे सरकवलं. “यांना कळू देऊ नकोस हं.”