पुरवणीचा टाका

सुकलाल नाना उत्तरं टेपाने मोजतात. शिंपी असल्यामुळे टेप गळ्यात असतोच. वही पुढे ओढायची, टेप लावायचा आणि मला ऐकवायचं, "दहा मार्कांचं उत्तर दीड पानात बसाले पाहिजे. बठ्ठं मापमा पाहिजे, भाऊ. ढिलं झालं का गिऱ्हाईक परत करस." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि गिऱ्हाईक म्हणजे पेपर तपासणारा.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. नाना एकसष्टचे, मी त्रेपन्नचा, आणि दोघंही बाहेरून बी.ए. करतोय. मला ऑफिसात बढतीसाठी पदवी हवी आहे; बायको म्हणते, नुसती हवीच आहे, अभ्यास नको. नानांना कशाला हवी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "शर्ट कोणी अर्धा सोडस का?"

त्यांचा एकच पेपर राहिला होता, मराठीचा. गेल्या खेपेला चार मार्कांनी गेला. पुरवणी गळून पडली, असं त्यांचं ठाम मत. "दोरानी गाठ सुटी जास, भाऊ. टाका सुटत नही." नोंदणीची मुदत या परीक्षेबरोबर संपत होती. आता गेला, तर पुन्हा पहिल्या वर्षापासून.

परीक्षेला ते नेमके माझ्या पुढच्या बाकावर. शेवटच्या तासात त्यांनी एकामागून एक चार पुरवण्या मागितल्या. माझी मूळ उत्तरपत्रिकाच भरेना, म्हणून मी त्या वर होणाऱ्या हाताकडे जळून बघत होतो. दहा मिनिटं उरली आणि पर्यवेक्षक त्यांच्यापाशी थबकले.

"हे काय केलंत?"

नानांनी कॉलरमागची सुई काढून चारही पुरवण्या उत्तरपत्रिकेला शिवून टाकल्या होत्या. पांढरा दोरा, उलटी टीप. काम सुरेख होतं.

"ही ओळखीची खूण झाली. पेपर रद्द होईल."

"सायेब, खूण नही, टाका शे."

पर्यवेक्षकांनी केंद्रप्रमुख बाईंना बोलावलं. वर्गातली पेनं थांबली. स्वतःच्या पेपरला मी कधी इतका घाबरलो नव्हतो. बाईंनी टाके निरखले, मग घड्याळ.

"सहा मिनिटं आहेत, काका. उसवा आणि दिलेल्या दोऱ्याने बांधा. कागद फाटला तर मात्र माझ्या हातात काही नाही."

चाळीस वर्षं शिवत आलेले नाना उसवायला बसले. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, दाताने तोडायचा. तिसऱ्या पुरवणीची कड चिरते की काय म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा घंटा होत होती आणि नाना गाठ मारत होते.

बाईंनी हात पुढे केला. नाना उत्तरपत्रिका सोडेनात.

"मॅडम, या चार पुरवण्यांची झेरॉक्स भेटेल का?"

"उत्तरपत्रिकेची? नाही हो, काका."

"पत्र शे. मन्ही पोरले धाडानं व्हतं."

पाचवा प्रश्न होता: शिक्षण अर्धवट सोडलेल्या व्यक्तीस पत्र लिहा. मी तो गाईडातल्या 'प्रिय मित्र राजू'वर अकरा ओळींत उरकला होता.

"दुसऱ्या वर्षाला होती," नाना जमेल तितकं शुद्ध बोलत होते. "स्थळ आलं, मीच कॉलेजातून नाव काढलं. माहेरी येते, चहा करते, जाते. त्याबद्दल एक शब्द नाही. तिचीच पुस्तकं वाचून मी इथपर्यंत आलो."

"मग घरी पुन्हा लिहा ना," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"घरमा कितला डाव बसनू, मॅडम. हातच चालत नही. आठे पेपरमा निदान प्रश्न इचारेल व्हता."

बाईंनी ती उत्तरपत्रिका अलगद घेऊन गठ्ठ्यात ठेवली.

जिना उतरताना नाना मध्येच थांबले. "भाऊ, तो तपासनारा बठ्ठं वाचस का?"

मला काय ठाऊक?

"वाचतो," मी म्हणालो. "अक्षर न् अक्षर."